खुळखुळ्याच्या विषावर जगणारा पतंग

युटेथेइसा हा दुधी पांढऱ्या पंखांवर लाल आणि काळे ठिपके असलेला, भर उन्हात उडणारा लहानसा पतंग आहे. पंख पूर्ण पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर तीन ते चार सेंटिमीटर भरते. पुढच्या पंखांवर शेंदरी-लाल ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत बारीक काळे ठिपके येतात. मागचे पंख पांढरे, काहीसे पारदर्शक असून त्यांना काळी, वेडीवाकडी किनार असते. डोके आणि छाती फिकट पिवळसर, त्यावर पुन्हा काळे ठिपके, पोट पांढरे. बसताना हा पतंग पंख पसरून ठेवत नाही, तर अंगाभोवती गुंडाळून घेतो. गवताच्या काडीला चिकटलेली बारीक, रंगीत नळीच जणू. माणूस किंवा जनावर जवळ आले की तो उठतो, थोडे अंतर फडफडत जातो आणि पुन्हा गवतात उतरतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात माळावरून चालणाऱ्याच्या पायांपुढे असे पतंग एकामागून एक उठत राहतात आणि पाहणारा त्यांना हमखास फुलपाखरे समजतो.

गैरसमज स्वाभाविक आहे. पतंग म्हटले की रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारा, करड्या रंगाचा कीटक डोळ्यांपुढे येतो. भारतात फुलपाखरांच्या जाती सुमारे तेराशे ते चौदाशे आहेत, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. एवढ्या मोठ्या समूहात दिवसा उडणारे आणि भडक रंगाचे पतंगही पुष्कळ आहेत. ओळख पटवायची खूण डोक्यावर असते. फुलपाखराच्या स्पर्शिकेच्या टोकाला गाठ असते. युटेथेइसाच्या स्पर्शिका दोऱ्यासारख्या, टोकापर्यंत निमुळत्या असतात. तो केवळ दिवसाच उडतो असेही नाही. संध्याकाळी त्याची लगबग वाढते आणि रात्री तो दिव्यावरही येतो. मात्र बहुतेक पतंगांसारखे दिवसा सालीखाली किंवा पाचोळ्यात लपून राहण्याची त्याला गरज पडत नाही. ती का पडत नाही, हा त्याच्या जीवनातला सर्वांत रंजक भाग आहे आणि त्याचे उत्तर एका काटक रानझुडपात सापडते.

या पतंगाची युरोप-आफ्रिकेपासून भारतापर्यंत आढळणारी जाती युटेथेइसा पुल्केला. कार्ल लिनियसने १७५८ साली तिला शास्त्रीय नाव दिले. एरेबिडी कुळातल्या आर्क्टीइनी उपकुळात, म्हणजे टायगर मॉथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पतंगांत तिची गणना होते. जॉर्ज हॅम्प्सन यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील पतंगांवर चार खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या १८९४ सालच्या दुसऱ्या खंडात या गटाचे वर्णन आले. पुढे कार्ल जॉर्डन यांनी १९३९ साली जुन्या जगातील युटेथेइसांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा वरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या पतंगांत एकाहून अधिक जाती मिसळल्या आहेत हे नीट स्पष्ट झाले. भारतात पुल्केलाच्या जोडीला लोट्रिक्स ही जातीही आढळते आणि समुद्रकाठी, बेटांवर पुल्केलॉइडीस भेटते. ठिपक्यांच्या आकारावरून त्यांतला फरक सांगण्याचा मोह होतो, पण ठिपके एकाच जातीत पतंगागणिक बदलतात. खात्रीने ओळखायचे तर नराच्या जननांगांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. म्हणून केवळ छायाचित्रावरून जातीचे नाव ठामपणे लिहिण्यापेक्षा ‘युटेथेइसा’ एवढेच लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. या लेखातही जिथे विशिष्ट जातीवर प्रयोग किंवा तिच्या नोंदी झाल्या आहेत तिथेच तिचे नाव वेगळे दिले आहे.

उघडी, कोरडी, भरपूर ऊन लागणारी जमीन हे या पतंगाचे घर. नद्यांची वाळूची पात्रे, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या, मुरमाड माळ, शेताचे बांध, रस्त्याकडेची पडीक पट्टी अशा जागी तो असतो. दाट जंगलाच्या सावलीत तो रमत नाही. दख्खनच्या पठारावर अशा जागांची वाण नाही आणि सांगली जिल्ह्याच्या उत्तरेला, सातारा जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेला कडेगाव तालुका तर त्यांचा नमुनाच आहे. सह्याद्रीने पावसाचे ढग अडवल्यावर उरलेसुरले पाणी या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पडते. काळ्या खडकावर मुरमाचा थर, त्यावर वीतभर मातीचे आवरण आणि कुसळी गवत. कडेपूरची डोंगराई, सोनसळजवळचा चौरंगीनाथाचा डोंगर, देवराष्ट्र्याच्या वरचा सागरेश्वरचा डोंगर या सगळ्यांच्या उतारांवर हेच चित्र दिसते. तालुक्याच्या पूर्वेकडून जाणारी येरळा नदी वर्षातला मोठा काळ कोरडी असते आणि तिच्या पात्रात वाळू उघडी पडते. पावसाळा सरताना या माळांवर आणि काठांवर पिवळी फुले धरलेली जी झुडपे उगवतात, त्यांतल्या एका गटावर युटेथेइसाचा सारा संसार उभा असतो.

ते झुडूप म्हणजे खुळखुळा. शास्त्रीय भाषेत त्याच्या प्रजातीला क्रोटालारिया म्हणतात. कडधान्यांच्या कुळातल्या या वनस्पतींच्या शेंगा फुगीर असतात. वाळल्यावर आतले सुटे बी हलवताच वाजते, म्हणून मुलांना त्या खेळायला आवडतात. महाराष्ट्रात या प्रजातीच्या कितीतरी जाती आहेत. काही गुडघ्याएवढ्या, काही जमिनीवर पसरणाऱ्या, काही पुरुषभर वाढणाऱ्या. घागरी नावाने ओळखली जाणारी जाती वाळूत आणि समुद्रकाठीही तग धरते. शेतकऱ्याच्या परिचयाचा ताग, ज्याला बोरूही म्हणतात, तोही याच प्रजातीतला. याखेरीज भुरुंडी, छोटा कल्पा अशा भोकराच्या कुळातल्या काही रोपांवरही युटेथेइसाच्या अळ्या वाढतात. वरवर पाहता कडधान्ये आणि भोकराचे कुळ यांचा एकमेकांशी संबंध नाही. परंतु या दोन्हीकडे एकाच प्रकारचे विष तयार होते आणि पतंगाला हवे असते ते हेच विष.

मादी पानाच्या मागच्या बाजूला गोल, फिकट रंगाची अंडी पुंजक्याने घालते. उबदार हवेत काही दिवसांत अळ्या बाहेर पडतात. अळी काळपट-करडी, अंगावर पांढऱ्या उभ्या रेषा, नारिंगी ठिपके आणि विरळ केस. कृषी विभागाच्या पुस्तिकांत तागावरील केसाळ अळी म्हणून जिचा उल्लेख होतो ती हीच. लहानपणी ती पाने खरवडते. मोठी झाली की शेंगेकडे वळते, शेंगेला भोक पाडून आत शिरते आणि कोवळे बी खाते. बियांत अन्नही जास्त आणि विषही जास्त, त्यामुळे एका झाडावर अळ्यांची दाटी झाली की शेंगांसाठी चढाओढ लागते. पुरेशी वाढ झालेली अळी झाड सोडून खाली उतरते आणि पाचोळ्यात किंवा मातीच्या पृष्ठभागाजवळ विरविरीत कोश विणते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास उबदार दिवसांत साधारण महिनाभरात पुरा होतो, त्यामुळे खुळखुळ्याच्या एका हंगामात अनेक पिढ्या होऊन जातात. प्रौढ पतंग फुलांतला मध पितो. एकदांडीसारख्या बारीक फुलांवर तो सहज दिसतो.

खुळखुळ्यातल्या विषद्रव्यांना पायरोलिझिडीन अल्कलॉइड असे लांबलचक नाव आहे. त्यांतले मोनोक्रोटालीन हे १९३५ साली अमेरिकेत खुळखुळ्याच्या एका जातीपासून वेगळे काढण्यात आले. वनस्पती हे द्रव्य ऑक्सिजनची जोड दिलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या रूपात साठवते आणि त्या रूपात ते तुलनेने निरुपद्रवी असते. गाय, घोडा किंवा माणूस यांच्या आतड्यात गेल्यावर मात्र ऑक्सिजनची ती जोड तुटते, सुटे झालेले द्रव्य रक्तात शोषले जाते आणि यकृत त्याचे जे रूपांतर करते ते यकृताच्याच पेशींना मारक ठरते. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, पोटात पाणी होते.

हा धोका पुस्तकी नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या आणि आजच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा जिल्ह्यात काही आदिवासी गावांत पोटात पाणी होण्याची साथ पसरली. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा लोकांच्या खाण्यातल्या गोंदली या बारीक धान्यात खुळखुळ्याचे बी मिसळलेले आढळले. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ६७ रुग्णांची नोंद होती आणि त्यांपैकी २८ जण दगावले होते. रानातले हे साधे झुडूप किती जहाल आहे हे त्या साथीने दाखवून दिले. धान्य पाखडून, निवडून घेण्याच्या जुन्या सवयीमागे असलेला शहाणपणा अशा वेळी कळतो.

अळी हेच बी पोटभर खाते आणि तिला काही होत नाही. याचे रहस्य रक्तातल्या एका विकरात आहे. टायगर मॉथ गटातल्या सिनाबार या युरोपीय पतंगावर संशोधन करून जर्मन शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले, की आतड्यातून रक्तात आलेले सुटे विष हे विकर लगेच पुन्हा ऑक्सिजनशी जोडते. म्हणजे वनस्पतीने ज्या सुरक्षित रूपात विष साठवले होते, त्याच रूपात कीटकही ते साठवतो. जो कोणी त्याला खाईल त्याच्या पोटात मात्र ते पुन्हा सुटे होईल. अळीने मिळवलेले विष कोशात टिकते आणि तिथून पंख फुटलेल्या पतंगात उतरते. प्रौढ पतंगाचे संरक्षण अशा रीतीने त्याच्या बालपणातल्या आहारावर अवलंबून असते. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ मिरियम रॉथशिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली टायगर मॉथ पतंगांतल्या या विषसाठ्याचा सविस्तर आढावा घेतला होता.

आता भडक रंगांचे कारण उलगडते. विष पोटात असून उपयोग नाही. शिकाऱ्याने चोच मारण्याआधी त्याला ते समजायला हवे. पांढऱ्यावर लाल आणि काळे हा सूर्यप्रकाशात लांबून दिसणारा इशारा आहे. कडू घास एकदा चाखलेला पक्षी तो रंग लक्षात ठेवतो. हा इशारा उजेडातच चालतो, म्हणून दिवसा उघड्यावर वावरणे युटेथेइसाच्या फायद्याचे ठरते. एवढ्यावर भागले नाही आणि कोणी त्याला पकडलेच, तर तो डोक्यामागून फेस सोडतो. त्या पिवळसर बुडबुड्यांत रक्त आणि विष दोन्ही असतात.

या संरक्षणाची खरी परीक्षा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झाली. टॉमस आयस्नर हे कीटकशास्त्रज्ञ आणि जेरॉल्ड माइनवॉल्ड हे रसायनशास्त्रज्ञ यांनी अमेरिकेत आढळणाऱ्या युटेथेइसा ऑर्नाट्रिक्स या भावंडजातीवर काही दशके काम केले. एखाद्या लहान पतंगाच्या आयुष्याचा इतका खोलवर अभ्यास क्वचितच झाला असेल. आयस्नर यांच्या पाहण्यात आलेली एक गोष्ट अशी: मोठे गोलाकार जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यात युटेथेइसा अडकला, की कोळी धावत येतो, त्याला चाचपतो आणि मग त्याच्याभोवतीचे धागे एकेक करून स्वतःच तोडून टाकतो. पतंग सुटतो आणि उडून जातो. एरवी जाळ्यात आलेले सावज कोळी सहसा सोडत नाही. हे विषामुळेच घडते याचा पुरावाही त्यांनी मिळवला. अळ्यांना खुळखुळ्याऐवजी घेवड्याच्या बियांपासून केलेला, अल्कलॉइड नसलेला आहार देऊन वाढवले. त्यांपासून झालेले पतंग दिसायला हुबेहूब तसेच होते, पण कोळ्यांनी ते बिनदिक्कत खाल्ले.

विषाची कामगिरी संरक्षणापाशी थांबत नाही. नराच्या पोटाच्या टोकाशी केसांचे दोन झुबके आत ओढलेले असतात. मीलनाच्या वेळी तो ते बाहेर काढून फुलवतो. सी. सी. जे. कल्व्हेनॉर आणि जे. ए. एडगर यांनी ऑस्ट्रेलियात १९७२ साली लोट्रिक्स आणि पुल्केलॉइडीस या जातींच्या झुबक्यांत, अळीने खाल्लेल्या विषापासूनच बनलेले एक सुवासिक द्रव्य शोधून काढले. लोट्रिक्स ही आपल्याकडचीही जाती असल्याने हे संशोधन इथल्या माळावरच्या पतंगालाही लागू पडते. हा गंध कशासाठी, याचे उत्तर पुढे ऑर्नाट्रिक्सवरील प्रयोगांतून मिळाले.

अंधार पडू लागला की मादी झाडावर बसून वाऱ्यावर आपला गंध सोडू लागते. तो सलग धारेने नाही, तर ठरावीक लयीत, थोडा थोडा करून सोडते. विल्यम कॉनर आणि सहकाऱ्यांनी १९८० साली ही लय मोजली. गंधाच्या मागाने नर वाऱ्याच्या उलट दिशेने येतो, तिच्याभोवती फडफडतो आणि झुबके बाहेर काढून तिच्या अंगावर फिरवतो. पसंती असेल तर मादी पंख उचलते. ज्या नरांचे झुबके काढून टाकले होते, किंवा ज्यांना विषमुक्त आहारावर वाढवल्यामुळे त्यांच्या झुबक्यांत गंधच नव्हता, त्यांना माद्यांनी कमी वेळा स्वीकारले. गंध जितका तीव्र तितके नराच्या शरीरातले विष जास्त. जवळ आलेल्या नराच्या पदरी काय आहे हे मादी असे त्याच्या वासावरून ताडते.

ते तिला कळणे का महत्त्वाचे, याचे उत्तर १९८८ साली डेव्हिड डसॉर्ड आणि सहकाऱ्यांनी दिले. मीलनात नर शुक्राणूंची जी पिशवी मादीला देतो तिचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. त्या पिशवीत पोषक द्रव्ये असतात आणि विषही असते. मादी हे विष आणि स्वतःच्या साठ्यातले विष असे दोन्ही अंड्यांत भरते. विष असलेली अंडी ढालकिड्यांना रुचत नाहीत. मुंग्या आणि क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळ्याही ती टाळतात, असे निरनिराळ्या प्रयोगांत दिसून आले. आई आणि बाप दोघांनी मिळून अंड्यांना संरक्षणाची शिदोरी देण्याचे हे उदाहरण कीटकांच्या जगात दुर्मीळ आहे. कीटकांत बाप बहुधा अंडी घालण्यापूर्वीच निघून गेलेला असतो. इथे तो निघून गेला तरी त्याने दिलेले विष अंड्यापाशी राहते.

मादी आयुष्यात अनेक नरांशी संग करते. तरी तिच्या बहुतेक पिल्लांचा बाप एकच असतो आणि तो सहसा आकाराने मोठा नर असतो. मोठा नर म्हणजे बहुधा बालपणी चांगल्या शेंगा मिळालेला आणि अधिक विष साठवलेला नर. विक्रम अय्यंगार, हडसन रीव्ह आणि आयस्नर यांनी २००२ साली आणखी एक विलक्षण बाब मांडली: मोठ्या नराची आवड मादीला तिच्या बापाकडून मिळते. पतंगांत मादीचे एक लिंगगुणसूत्र आईकडून आणि दुसरे बापाकडून येते, आणि ही आवड बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर असते. मोठ्या बापाचे मुलगे मोठे होतात आणि मुलींना मोठे नर आवडतात. निवड आणि निवडीचा विषय एकाच वारशाने पुढे जातात. हे वाचले म्हणजे बांधावर उडणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या जिवाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

विष इतके मोलाचे असल्यामुळे त्यासाठी भाऊबंदकीही होते. ज्या अळ्यांना पुरेसे अल्कलॉइड मिळालेले नसते त्या आपल्याच जातीची अंडी खातात, कोशही खातात. एका पुंजक्यातली अंडी जवळजवळ एकाच वेळी उबतात आणि पूर्ण वाढलेली अळी अन्नाचे झाड सोडून दूर जाऊन कोश करते, या दोन्ही गोष्टींमागे हेच भय असावे, असे आयस्नर यांचे मत होते. शत्रू बाहेरही आहेत. विष सगळ्यांना रोखू शकत नाही. अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या परोपजीवी माश्या आणि बारीक गांधीलमाश्या तिचा बळी घेतात. खुळखुळाही स्वस्थ बसत नाही. त्याच्या काही जातींत फुलाबाहेर मधुग्रंथी असतात, त्यांच्या ओढीने मुंग्या झाडावर फिरत राहतात आणि शेंगेत शिरू पाहणाऱ्या अळ्यांना त्रास देतात. ब्राझीलमध्ये यावर प्रयोग झाले आहेत. ज्या खुळखुळ्यावर ते झाले ती जाती भारतातही रस्त्याकडेला वाढते.

या विषाचे गिऱ्हाईक एकटा युटेथेइसा नाही. अर्जिना हा नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेला, किंचित मोठा पतंगही खुळखुळ्याच्या शेंगांत वाढतो आणि बऱ्याचदा त्याच झाडावर भेटतो. टायगर गटातली फुलपाखरे तर खुळखुळ्याच्या वाळलेल्या किंवा चिरडलेल्या फांद्यांवर झुंडीने बसून रस शोषतात. त्यांच्या नरांनाही मादीला आकर्षून घेणाऱ्या गंधासाठी हीच अल्कलॉइड लागतात. त्याच माळावर काळ्या, पारदर्शक खिडक्यांच्या पंखांचे आणि पोटावर पिवळे पट्टे असलेले अमाटा पतंगही दिवसाच उडतात. दिसायला ते गांधीलमाशीसारखे असल्याने युटेथेइसाशी त्यांची गल्लत होत नाही.

लहान असला तरी युटेथेइसा एका जागी खिळून राहणारा पतंग नाही. पुल्केला दक्षिण युरोपातून उत्तरेकडे उडत जातो आणि अधूनमधून थेट ब्रिटनमध्ये नोंदवला जातो. तिथल्या हिवाळ्यात तो टिकत नाही, पण पुढच्या एखाद्या उबदार हंगामात पुन्हा येतो. पुल्केलॉइडीसने हिंदी आणि प्रशांत महासागरातली एकाकी बेटे गाठली आहेत. कोरड्या प्रदेशात हा भटका स्वभाव उपयोगी पडतो. पाऊस कुठे आणि किती पडेल याचा भरवसा नसतो, खुळखुळा एका वर्षी या माळावर तर दुसऱ्या वर्षी त्या ओढ्याकाठी उगवतो. जिथे तो उगवेल तिथे पोहोचता आले पाहिजे.

शेतीशी त्याचा संबंध तागामुळे येतो. कडेगाव परिसरात ताकारी आणि टेंभू उपसा सिंचन योजनांचे पाणी आल्यावर उसाचे क्षेत्र वाढले आणि उसाच्या जमिनीचा कस टिकवण्यासाठी ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडण्याची पद्धत उपयोगी ठरली. ताग हवेतला नत्र मुळांच्या गाठींत बांधतो, मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आवर घालतो आणि दीड-दोन महिन्यांत जमिनीत मिसळायला तयार होतो. या पिकावर युटेथेइसाच्या अळ्या दिसल्या तरी फवारणीचे कारण नाही. गाडण्याच्या पिकाची थोडी पाने कुरतडली गेल्याने खताचे नुकसान नगण्य असते आणि अळीची विष्ठाही त्याच जमिनीत पडते. बियाण्यासाठी ठेवलेल्या तागाची गोष्ट वेगळी. तिथे शेंगांत शिरलेली अळी उत्पन्न घटवते. अशा प्लॉटमध्ये सुरुवातीलाच अंड्यांचे पुंजके आणि लहान अळ्या असलेली पाने वेचून काढली, तर परोपजीवी माश्यांना धक्का न लावता काम भागते.

पतंगापुढचा मोठा प्रश्न शेतातल्या फवारणीचा नसून माळाच्या भवितव्याचा आहे. झाडे नसलेली जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, ही समजूत सरकारी नोंदींतल्या ‘पडीक’ या शेऱ्याने पक्की केली. मग माळ नांगरला जातो, सपाट होतो, त्यावर प्लॉट पडतात, किंवा सद्हेतूने पण अविचाराने गिरिपुष्प आणि सुबाभूळ यांच्या दाट रांगा लावल्या जातात. सावली पडली की कुसळी जाते आणि खुळखुळाही जातो. येरळेसारख्या नद्यांच्या पात्रांतून वाळू उपसली गेली तर काठची भुरुंडी, घागरी यांसारखी रोपे रुजायला जागा राहत नाही.

कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या संगमावरचे सागरेश्वर अभयारण्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. उघडा पडलेला डोंगर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने हिरवा झाला आणि १९८५ साली १०.८७ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. चितळ, सांबर आणि काळवीट पाहायला लोक तिथे जातात. माणसांनी उभे केलेले वन म्हणून त्याचे कौतुक योग्यच आहे. त्याच वेळी तिथले गवताळ, मुरमाड उतार उघडे राहणे हेही तितकेच गरजेचे आहे, कारण काळविटाला जे कुरण लागते त्याच कुरणाच्या कडेला खुळखुळा वाढतो. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत, फुले आणि कोवळ्या शेंगा झाडावर असताना, अशा उतारांवर सकाळच्या उन्हात युटेथेइसा शोधणे सोपे जाते. शेंगेला वाटोळे भोक आणि त्याच्या तोंडाशी काळपट विष्ठा दिसली तर आत अळी आहे असे समजावे. शेंग उकलून अळी पाहिली तर ती त्याच झाडावर परत ठेवावी आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.